आजचं चिंतन: सर्पसत्र आणि आपला १७ सप्टेंबर



आज आदिपर्वातलं सर्पसत्र. जनमेजयाने यज्ञ मांडला तो एका तक्षकासाठी, पण आगीत पडू लागली सगळी नागजात. आजच्या भाषेत वंशसंहार. आणि आपलं महाभारत सांगितलं गेलं ते याच यज्ञमंडपात, याच तरुण राजाला.

सुरुवात एका गोष्टीपासून झाली. उत्तंक येऊन म्हणाला, तुझ्या निरपराध वडिलांना तक्षकाने मारलं. दुःख खरंच होतं. पण परीक्षिताने मौनात बसलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला होता, हे त्याने सांगितलं नाही. त्याचं स्वतःचंही तक्षकाशी वैर होतं. मंत्र्यांनी नंतर सगळं सांगितलं, तरी आग पेटलीच. नुसता डेटा देऊन माणूस थांबत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जड जातं.

आज हे आठवलं ते अहमदपूरच्या पुतणीमुळे. नववीत आहे, मुक्तिसंग्राम दिनाला भाषण करायचंय. फोनवर म्हणाली, "काका, रझाकारीतलं खरं खरं सांगा ना." मी माझ्या आज्जीचं सांगितलं: सोनं चुलीखाली पुरायचं, बायकापोरांनी ज्वारीच्या रानात रात्र काढायची, कुत्रं भुंकलं की लेकराच्या तोंडावर हात. १९४६ मध्ये मारले गेलेले गोविंदराव पानसरे सांगितले. मे १९४८ मधली गोरट्याची कत्तल सांगितली.

इथे थांबलं की भाषण छान होतं. टाळ्याही पडतात. पण इथेच थांबणं म्हणजे उत्तंकाचं काम.

कारण १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला, आणि त्यानंतर आपल्याच भागात मुसलमानांची कत्तल झाली. त्यातल्या कितीतरी जणांचा रझाकारांशी संबंध नव्हता. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. ती १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वाधिक झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. अहमदपूर तेव्हा बिदरमध्ये होतं. लातूर तर कासीम रझवीचं गाव. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला दिसले. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. तो कित्येक दशकं कपाटातच राहिला. (त्याच डिसेंबरात, ९ तारखेला, संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. ज्यूंचं दुःख जगाला कळलं ते वाचलेल्यांनी तोंड उघडलं म्हणून.)

चौदा वर्षांच्या पोरीला हे सांगावं का? घरात दोन मतं पडली. वहिनी म्हणाली, लेकरू आहे, झोप उडेल. तिचं चूक नाही; रक्तामांसाचे तपशील मीही देणार नाही. पण व्हॉट्सॲपवर उत्तंक रोज येतोच आहे, तो वय विचारत नाही.

म्हणून तिला आकडे पाठवायचं सोडून गल्लीतल्या खालांकडे जायला सांगितलं. खाला तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्यांना आणि त्यांच्या अम्मीला शेजारच्या लिंगायत घराने तीन दिवस बळदात ठेवलं होतं, वरून ज्वारीची पोती. वडील परत आले नाहीत. खाला म्हणाल्या, "ज्वारीच्या वासानं अजून जीव घुसमटतो, बेटा."

पुतणीचा रात्री फोन आला. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "काका, आज्जी पण ज्वारीतच लपली होती ना?"

मंत्र्यांना जे जमलं नाही ते पुढे आस्तीकाला जमलं. तोही पोरगाच. बाप ऋषी, आई नागकन्या. आईने तिच्या कुळावरचं संकट त्याला सांगितलं आणि तो थेट मंडपात जाऊन उभा राहिला. जनमेजयाने वर देऊ केला तेव्हा त्याने ना सोनं मागितलं ना गाई. यज्ञ थांबव, एवढंच. तोवर कितीतरी नाग जळून गेले होते, ते काही परत आले नाहीत.

भाषणात दोन्ही गोष्टी येणार आहेत. खालांनी नाव घालू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे "आमच्या गल्लीतल्या एक आज्जी" असं लिहिलंय तिने. वहिनीने वाचून एक शब्द बदलला, बाकी तसंच ठेवलं.

उद्या आस्तीकाने केलेली राजाची स्तुती वाचू.