‘राइट’ आणि योग्य

ठाण्याच्या खोपट स्थानकांत वाहकानें ‘राइट’ म्हटलें कीं गाडी चालूं लागते. पण उजवा, बरोबर, न्याय्य आणि हक्क इतक्या अर्थांचें ओझें हा इंग्रजी शब्द एकटा वाहतो. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून अशा शब्दांपुढें प्रतिशब्दांची रांग मांडावी लागते. कोशकाराची ही अडचण नीतिविचाराची मात्र सोय आहे, असें आम्हांस वाटतें.

आरक्षित जागेवर उतारूचा हक्क असतो. परंतु कडेवर मूल घेतलेली बाई समोर उभी असतां त्यानें बसून राहणें योग्य काय? शब्द एकच असला म्हणजे मन सहज घसरतें : जें माझ्या हक्काचें, तें योग्यच. मराठींत हे दोन प्रश्न वेगळे राहतात.

मूळ अरबी ‘हक्क’ शब्दाला सत्य असाही अर्थ आहे. संस्कृत ‘अधिकार’ शब्दांत पात्रताही अभिप्रेत असते. दोन्ही शब्द मागणाऱ्याकडेच बोट दाखवितात. हक्क कायदा देऊं शकतो. तो केव्हां सोडावा, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.