आडनाव नको, ओढा विचारा

घर घ्यायला निघालेली माणसं दलालाला सगळ्यांत आधी विचारतात, "एरिया कसा आहे?" या प्रश्नाचा खरा रोख दलालाला ठाऊक असतो. "निर्धास्त राहा, सगळी आपलीच माणसं आहेत," असं तो सांगतो आणि आयुष्यभराच्या कमाईचा व्यवहार तेवढ्यावर पुढे सरकतो. "तिकडे जरा मिक्स पब्लिक आहे," एवढं कानावर पडलं, तर मात्र फ्लॅट कितीही हवेशीर असला तरी पुन्हा त्या बाजूला कोणी फिरकत नाही. शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, त्याच्या घरात काय शिजतं, यावरून वस्ती सुरक्षित की असुरक्षित ते ठरतं; आणि तिथला चौरस फुटाचा दर काय, यावरून तिचं भवितव्य. ही पारख अन्यायाची आहे. शिवाय ती चुकीची आहे, इतकी की तिच्यापायी माणसं जिवाला मुकतात.

पुण्याचा आंबील ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरात उगम पावून, तिथल्या तलावांतून बाहेर पडून, धनकवडी, सहकारनगर, पर्वतीचा पायथा असा तो मुठेकडे येतो. पेशवाईत पर्वतीखाली तळं करण्यासाठी त्याचा प्रवाह वळवला गेला, म्हणजे माणसाशी त्याचा संबंध जुनाच. पण गेल्या काही दशकांत आपण त्याच्या काठांवर भराव टाकले, पात्र आवळलं, वरून अरुंद पूल घातले आणि वर्षातला बराच काळ तो बारीक धारेने वाहतो म्हणून त्याची भीती बाळगायचं सोडून दिलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला धुवाधार पाऊस झाला आणि काही तासांत ओढ्याने आपली जुनी रुंदी परत घेतली. सोसायट्यांच्या सीमाभिंती फुटल्या, गाड्या वाहून गेल्या, तळमजले चिखलाने भरले. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. शहर आणि आसपासचा परिसर मिळून वीसहून अधिक जीव त्या पावसात गेले. ओढ्याकाठची पत्र्याची घरं आणि ओढ्याकाठच्या 'चांगल्या लोकांच्या' सोसायट्या, दोन्हींना एकाच पाण्याने गाठलं. त्या सोसायट्यांत घर घेताना शेजाऱ्यांची आडनावं बहुतेकांनी वाचली असतील; ओढ्याची हद्द किती जणांनी पाहिली असेल?

आणि ही माहिती गुप्त नसते. आपल्याकडे पाटबंधारे खातं नद्यांच्या काठाने दोन रेषा आखतं. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा नकाशावर असतात, महापालिकेच्या विकास आराखड्यातही त्यांची नोंद असते. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, तेव्हा सगळ्या शहराला धक्का बसला. नदीच्या इतक्या जवळ पाणी येणं हा खरं तर अनपेक्षित प्रकार नव्हताच. घर बघायला गेल्यावर आपण स्वयंपाकघराचा ओटा निरखून पाहतो, नळ सोडून बघतो, देवघर कुठे बसेल याचा विचार करतो. पाणी येतं कुठून हे विचारतो आणि पावसाचं पाणी जातं कुठून हे विचारत नाही.

कागदांच्या बाबतीत आपण याहून बेफिकीर आहोत. नालासोपाऱ्यात 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर 2025 च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. ती जमीन विकास आराखड्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेली होती. तिथे घर घेणारी माणसं कष्टकरी होती; कोणी गावची जमीन विकून, कोणी कर्ज काढून पैसे उभे केले होते. त्यांना खोटे कागद दाखवणाऱ्यांचा गुन्हा मोठा आहे. वर्षानुवर्षं त्या इमारती उभ्या राहताना पाहणाऱ्या यंत्रणेचाही आहे, आणि बेघर झालेल्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण जमिनीवर काय आरक्षण आहे हे सांगणारा झोन दाखला नगररचना विभागात अर्ज केल्यास मिळतो, ही गोष्ट आपल्या घरांत, शाळांत, गणेश मंडळांत कोणी सांगत नाही. सुशिक्षितांनाही ती ठाऊक नसते. मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि 74 माणसं मेली. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली होती. बारा वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, विरारला तशीच एक अनधिकृत इमारत पडली आणि 17 जण गेले. या दोन्ही ठिकाणी माणसं मेली ती शेजाऱ्याच्या जातीने किंवा धर्माने नव्हे. वाळूत वाचवलेल्या सिमेंटने आणि विकत घेतलेल्या गप्पपणाने मेली.

घाटकोपरची साईसिद्धी इमारत तर रीतसर वस्तीतली, नोकरदार कुटुंबांची. जुलै 2017 मध्ये ती कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलांचं काम चालू होतं, त्यात इमारतीचा भार पेलणाऱ्या भागांना हात लागला. अशी कामं आपल्या प्रत्येक सोसायटीत चालतात. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत काढतात, खिडकीखालचा कट्टा फोडतात, गच्चीवर टाकी चढवतात. शेजारी आवाज ऐकतो आणि 'उगाच वाईटपणा कशाला' म्हणून दार लावून घेतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं असं लिहिलेलं आहे. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीपासून संरक्षणाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. आपल्या सोसायटीने तो शेवटचा कधी दिला, हे किती सभासद सांगू शकतील? जिन्यात ठेवलेलं जुनं कपाट आणि सायकली हटवायला सांगणाऱ्या सेक्रेटरीशी भांडणारे आपणच असतो.

इमारत आणि जमीन नीट असली तरी वस्ती पुरती सुरक्षित होत नाही. शेवटी ती माणसांवर उभी असते, हे मला मान्य आहे. म्हणून तर माणसं कशी पारखायची हा प्रश्न जास्त काळजीने हाताळायला हवा. भिवंडीचं उदाहरण महाराष्ट्राने विसरता कामा नये. यंत्रमागांचं ते शहर 1970 मध्ये आणि 1984 मध्ये भीषण दंगलींत होरपळलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान, दोघेही त्यांत बसत. बीटवरच्या पोलिसाशी त्यांची ओळख असे. नळाच्या पाण्यापासून मिरवणुकीच्या वाटेपर्यंतची भांडणं तिथे बोलून सुटत. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली आणि सुमारे नऊशे माणसं मारली गेली, तेव्हा पन्नासेक किलोमीटरवरचं, देशभर दंगलींसाठी बदनाम असलेलं भिवंडी शांत राहिलं. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' ज्या गावाला सगळे 'मिक्स पब्लिक' म्हणून टाळत, ते गाव वाचलं. एका जातीच्या, एका धर्माच्या भिंतीआड गेल्याने ते वाचलं नव्हतं. शेजाऱ्याचं नाव, त्याचा धंदा, त्याची मुलं माहीत असल्याने वाचलं.

आपण मात्र उलट दिशेने चाललो आहोत. उंच सीमाभिंत, फाटकावर पहारा, प्रत्येक मजल्यावर कॅमेरा, घरकामाला येणाऱ्या बाईची पोलिसांकडे नोंद, जाताना तिच्या पिशवीची झडती. ज्या बाईच्या हातचं आपण जेवतो तिच्यावर रोज संशय घेणारी वस्ती स्वतःला सुसंस्कृत म्हणवते. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. बंद दाराआडून मारहाणीचा आवाज येतो तेव्हा फाटकावरचा पहारेकरी काही करू शकत नाही. करू शकतो तो शेजारी. लांबच लांब कोऱ्या भिंतींच्या मधल्या निर्जन रस्त्याने रात्री दहाला घरी परतणाऱ्या मुलीला विचारा, तिला कुठे धीर वाटतो. इस्त्रीवाल्याचा दिवा, औषधाचं दुकान, वडापावची गाडी, ओट्यावर बसलेल्या आजीबाई जिथे असतात तिथे वाटतो. फेरीवाले हटवा, टपऱ्या हटवा म्हणून अर्ज करताना आपण रस्त्यावरचे डोळेच हटवत असतो.

अमेरिकेत शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये हेच मांडलं. बॉस्टनचा नॉर्थ एंड हा इटालियन कामगारांचा दाटीचा भाग. शहररचनाकार त्याला झोपडपट्टी ठरवत होते, बँका तिथे कर्ज द्यायला तयार नव्हत्या. प्रत्यक्षात तिथे गुन्हे कमी होते, मृत्युदर कमी होता, आणि लोकांनी आपसांत कामं वाटून घेत घरं स्वतःच दुरुस्त केली होती. बँकेने नाकारलेली वस्ती तिथल्या माणसांनी सांभाळली. वस्तीचं भवितव्य बाहेरून भाकीत करणाऱ्यांचं हे अपयश आपल्याकडेही दिसतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटल्यावर पुण्यात गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या ठिकाणी पूरग्रस्तांना वसवलं. गावाबाहेरच्या त्या साध्या निवाऱ्यांकडे पाहून कोणी मोठ्या भविष्याची आशा धरली नसती. आज त्या जागा शहराच्या मध्यात आहेत. परळच्या बीआयटी चाळीला आजचा घर घेणारा 'चांगला एरिया' म्हणाला नसता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे कित्येक वर्षं राहिले.

बाबासाहेबांचंच आणखी एक स्मरण. 1917 च्या सुमारास परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. ही घटना वाचताना आपल्याला संताप येतो. मग आपल्या सोसायटीच्या सूचना फलकावर, आपल्या दलालाला दिलेल्या सूचनेत, 'भाडेकरू अमुक समाजाचाच हवा' ही अट आपण कशी सहन करतो? कायदा इथे पूर्णपणे मदतीला येत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम 23 खुल्या सभासदत्वाचं आहे. तरी 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी मान्य केला. म्हणजे इथे न्यायाधीशाने येऊन आपल्याला सुधारावं, ही वाट बंद आहे. दार उघडायचं की लावायचं, हे त्या दारामागच्या कुटुंबालाच ठरवायचं आहे. माझ्या मते घर नाकारण्याची ही रीत अस्पृश्यतेचाच शहरी अवतार आहे, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने ती आपल्या काळात संपवली पाहिजे.

याला पैसा लागत नाही. सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. येत्या सभेत आपण दोन ठराव मांडा. भाडेकरू किंवा खरेदीदार यांना जात, धर्म किंवा आहार यांवरून सोसायटी अडवणार नाही, हा पहिला. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, अग्निसुरक्षेचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि जवळच्या ओढ्या-नाल्याचा नकाशा फाटकापाशी सगळ्यांना वाचता येईल असा लावायचा, हा दुसरा. विरोध होईल. पहिल्या वर्षी ठराव पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडा, आणि तोवर आपलं घर भाड्याने देताना आडनाव विचारू नका.