मुदत

साधकहो, माणसाच्या हाती जे जे येते ते मुदतीवरच येते: श्वास, तारुण्य, घरदार आणि ज्या भूमीवर आपण पाय ठेवतो तिथे राहण्याची अनुज्ञाही. शाप झाल्यावर राजा परीक्षितीच्या आयुष्याचे सातच दिवस उरले, आणि ते त्याने शुकमुनींच्या मुखातून भागवत ऐकण्यात वेचले. मुदत ठाऊक असणे हीसुद्धा कृपा आहे, हा त्या कथेचा पहिला अर्थ.

परंतु मुदत आपल्याच हाती नसेल तर काय होते, हे आखातात गेलेल्या आपल्या कोकणी माणसांना विचारावे. संयुक्त अरब अमिरातीत कामगाराचा निवासाचा परवाना बहुधा त्याच्या मालकाशी बांधलेला असतो; मालकाने पगार थकवला, कायद्याने मनाई असूनही पासपोर्ट स्वतःजवळ ठेवला, आणि कंटाळून निघून गेलेल्या कामगाराविरुद्ध तो फरार झाल्याची तक्रार केली, की परवाना जातो आणि मुदतीपलीकडच्या प्रत्येक दिवसामागे ५० दिरहमांचा दंड चढू लागतो. वर्षाला हे १८,२५० दिरहम होतात. हजार-बाराशे दिरहमांवर राबणाऱ्याने ते आणावेत कुठून? राहावे तर अपराध, निघावे तर दंड आडवा येतो, आणि लपून काम करावे तर मजुरी बुडाली तरी दाद मागता येत नाही. मुदत उलटून राहिलेला प्रत्येक जण लोभाने राहिलेला नसतो, हे म्हणून ध्यानी धरावे.

मर्यादा घालणे हा राजधर्मच आहे. ज्या घराला उंबरठा नाही तिथे पाहुण्यालाही मान नाही, म्हणून मुदत संपल्यावर परत पाठवण्याचा राज्याचा अधिकार आपण नाकारू नये. मात्र त्या अधिकाराच्या पोटी क्षमा कशी वसते तेही पाहावे. १ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीने माफी दिली: कागद नियमित करून राहा किंवा दंड न भरता आणि पुन्हा येण्याची बंदी न ओढवता मायदेशी जा. ही सवलत ऑक्टोबरअखेरपर्यंत होती, ती पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. पासपोर्ट हरवलेल्यांना भारतीय दूतावास एकेरी प्रवासापुरता कागद देतो. आखातातली माणसे त्याला 'आउटपास' म्हणतात. म्हणजे क्षमाही मुदतीवरच आली, कारण तारीख ठरल्यावाचून भयाने दडलेला माणूस दाराशी येत नाही. आणि तीच मुदत वाढली, कारण दंडाच्या वसुलीपेक्षा माणसाने मोकळे होणे मोठे मानले गेले.

इथे मुदतीचा आणखी एक पदर उलगडतो. मुदत एकट्या घेणाऱ्याला बांधत नाही, देणाऱ्यालाही बांधते. ज्याच्या घामावर इमारती उभ्या राहिल्या त्याची थकलेली मजुरी, त्याचा पासपोर्ट, त्याची गाऱ्हाणी ऐकणारा कान, हे सारे त्याला विमानात बसवण्याआधी त्याच्या हाती पडले पाहिजे. नाहीतर कामगाराची मुदत मोजली जाते आणि मालकाची मोजायची राहून जाते.

आणि आपल्यावरही एक देणे आहे. तो माणूस गावी उतरतो तेव्हा 'काय आणलंस?' हा प्रश्न त्याला दंडाहून जड होतो. त्याने कर्ज काढून वाट धरली होती, आता ते कर्ज फेडायला त्याला मुदत हवी आहे. ती सावकाराने द्यावी, भावकीने द्यावी, आणि ज्यांना स्वतःचे आयुष्यच मुदतीवर मिळाले आहे त्या आपण सर्वांनी ती मागण्याआधी द्यावी.