तत्त्वाचा प्रश्न

माणसाला तत्त्वं केव्हा आठवतात, याचा मी थोडा अभ्यास केलेला आहे. बँकेत बावीस वर्षं खिडकीमागे बसल्यावर दुसरा कसला अभ्यास होत नाही. खिशातून पैसे जायची वेळ आली की माणसाला तत्त्वं आठवतात आणि कर्ज हवं असलं की अडचणी आठवतात, एवढं मी गिऱ्हाइकांकडे बघून शिकलो. स्वतःवर प्रयोग करण्याचा योग मात्र कॅरिबियन समुद्रात आला.

आता बँकेतला कारकून कॅरिबियन समुद्रात काय करत होता, असं तुम्ही विचाराल. आमच्या शाखेतही सगळ्यांनी हेच विचारलं. एकाने तर आधी कॅश मोजून पाहिली. खुलासा असा, की आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून न्यू जर्सीतल्या मेहुण्यांनी आपल्या बहिणीला जहाजाची सात दिवसांची सफर भेट दिली. बहिणीबरोबर मी, चिरंजीव आणि माझी आई हे तीन नग आलेच. सान हुआन बंदरातून निघायचं आणि चार बेटं करून परत यायचं.

या जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात आणि सगळं त्यावर मांडून ठेवतात. वाण्याची वही म्हणा ना! दुसऱ्या दिवशी चहूकडे नुसतं पाणी होतं. बाकीचे लोक ते बघत होते, मी खातेउतारा काढला. त्यात नोंद होती : बक्षिसी, माणशी रोज १६ डॉलर. चार माणसं, सात दिवस, एकूण ४४८ डॉलर. पंच्याऐंशीच्या भावाने ३८,०८० रुपये. तिकिटं मेहुण्यांची होती, ही रक्कम आमची होती.

मला ताबडतोब तत्त्व आठवलं. बक्षिसी ही खुशीने द्यायची गोष्ट. न विचारता कापली तर ती बक्षिसी कसली, तो कर! शिवाय नोकरांना पगार मालकाने द्यावा, तो प्रवाशांच्या गळ्यात का? एसेमेसचे पैसे कापले म्हणून माझ्या खिडकीत येऊन लोक जे भाषण करतात ते मला तोंडपाठ आहे. तेच मी जहाजाच्या काउंटरवर इंग्रजीत केलं. तिथल्या मुलीने हसून एक फॉर्म पुढे सरकवला. पाच मिनिटांत पैसे माफ! आमच्या बँकेत तीन आठवडे लागले असते.

"अहो, बरं दिसतं का ते?" बायको म्हणाली.

"प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे."

"किती वाचले?"

"अडतीस हजार ऐंशी."

त्याच रात्री आमच्या पलंगावर टॉवेलांचा हत्ती येऊन बसला. केबिन आवरणारी मंडळी टॉवेलांना पीळ घालून कधी हत्ती, कधी माकड असं काहीतरी करून ठेवतात. आईला मात्र तो हत्ती वाटलाच नाही. "अगो बाई, गणपती!" म्हणून तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली. पांढराशुभ्र टॉवेल आणि वर लालभडक बोट! माझ्या डोळ्यांपुढे धुलाईचं बिल उभं राहिलं. पण सकाळी फिरून येतो तर हत्ती जागच्या जागी, शेजारी नवे टॉवेल, आणि सोंडेपुढे साखरेच्या दोन पुड्या. चहातल्या उरल्या असतील, असं मला वाटलं. कॉमर्सचा पदवीधर आणखी काय समजणार?

बार्बाडोसला सगळं जग समुद्रात डुंबायला गेलं. मी घरच्यांना केन्सिंग्टन ओव्हलवर नेलं. १९७१ साली दिलीप सरदेसाईने इथं १५० काढल्या आणि नवख्या गावसकरने नाबाद ११७. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आमच्या वडिलांनी हे आकडे पाढ्यांबरोबर पाठ करून घेतले होते. चिरंजीवांना २९ जून २०२४ चा विश्वचषक आठवत होता, मला १९७१ 'आठवत' होतं आणि बायकोला आपण उन्हात उभ्या आहोत हे आठवत होतं. या वादात वेळ गेला. जहाज उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही. शेवटी धक्क्यावरून आम्ही चौघं धावतोय आणि वरून शेकडो गोरे टाळ्या वाजवतायत, असं माझं परदेशातलं एकमेव जाहीर स्वागत झालं. त्यात आईचे गुडघे गेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सेंट लुशियाला ती उतरली नाही. आम्ही उतरलो. तिथल्या शंभराच्या नोटेवर आर्थर लुईस यांचं चित्र आहे, १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले, याच बेटावर जन्मलेले. खेड्यात माणसं फार आणि काम थोडं असलं, की धंद्याला जेमतेम मजुरीवर हवी तेवढी माणसं मिळत राहतात, असा त्यांचा १९५४ सालचा सिद्धांत. बी.कॉम.ला तो मी ऑप्शनला टाकला होता.

परत येतो तर केबिनमध्ये लुईस यांचा सिद्धांत उभा! केबिन आवरणारा पोरगा हातात चादर घेऊन, आणि आई त्याच्याशी गप्पा मारत.

"अरे, हा आपल्या वेंगुर्ल्याचा! सात महिने घरी गेला नाही. मुलगी झाली ती फोनवरच बघितलीन."

छातीवर पाटी होती. नाव, आणि खाली 'इंडिया'. हा पोरगा रोज दोनदा समोर यायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत 'थँक्यू' म्हणायचो. इथल्याच कुठल्या बेटावरचा असेल, अशी माझी समजूत. माझ्याही खिडकीवर पाटी आहे आणि ती कोणी वाचत नाही, ही माझी बावीस वर्षांची तक्रार!

"आधी बोलला का नाहीस रे?"

"सायब इंग्रजीत बोललात, म्हणान मी पण इंग्रजीत."

त्या रात्री झोप लागेना. पैसे परत खात्यावर चढवायचे, हे ठरलंच. पण कशासाठी? तो वेंगुर्ल्याचा निघाला म्हणून? त्या पैशात जेवण वाढणाऱ्याचाही वाटा असतो आणि तो इंडोनेशियाचा. त्याची पाटी मी त्या रात्रीच वाचली. त्याचीही मुलगी फोनवरच वाढत असेल, तर तिचे पैसे कापताना मला काही का टोचलं नाही? बरं, माझं तत्त्व खोटं असतं तर सोपं होतं. ते खरं होतं. पगार मालकानेच द्यायला हवा. फक्त त्या तत्त्वाची झळ मालकाला लागत नव्हती. ती वेंगुर्ल्याला लागत होती. चूक असलेलं तत्त्व सोडता येतं. बरोबर असलेल्या तत्त्वाचं काय करायचं?

सकाळी काउंटरवर गेलो. मुलीने कारण विचारलं. 'रिव्हर्सल एंट्री' म्हणालो. बँकेत आम्ही सगळ्या पापांना तेच म्हणतो. तिची पाटी वाचून तिला नावाने हाक मारली, तर ती दचकली.

"तो वेंगुर्ल्याचा नसता तर?" बायकोने मागून विचारलं.

"चल, पुढे रांग सरकतेय," मी म्हणालो. माझ्या पुढे कोणीच नव्हतं.

शेवटच्या दिवशी सामान बाहेर काढलं तरी आई हलेना. विसर्जन केल्याशिवाय गणपती असा टाकून जायचा कसा? वेंगुर्ल्याच्या त्या पोराने दोन्ही हातांनी हत्ती उचलला, कपाळाला लावला आणि मेल्या टॉवेलांच्या ढिगावर सगळ्यात वर अलगद ठेवला.

"आजये, ह्येचा विसर्जन लाँड्रीत," तो म्हणाला. "काळजी करू नको, मी सोबत जातंय."