उपवास आणि उपासमार

छायाचित्रकलेचे पहिले धडे नवशिक्यास फिल्मच्या कॅमेऱ्यावर द्यावे कीं डिजिटल कॅमेऱ्यावर, हा वाद वरवर पाहतां केवळ साधनांचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे. चूक महाग पडल्यावांचून मनुष्याच्या अंगीं अवधान येतें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

फिल्मच्या कैवाऱ्यांचें म्हणणें असें: पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर बहुधा 36 चित्रें मावतात, प्रत्येकास पैसे पडतात, आणि घेतलेलें चित्र पुसतां येत नाहीं. म्हणून विद्यार्थी कळ दाबण्यापूर्वीं प्रकाश पाहतो, अंतर पाहतो, विचार करतो. उलट डिजिटल कॅमेऱ्यांत शेंकडों चित्रें जवळजवळ फुकट; त्यामुळें डोळ्याचें काम बोटावर सोपविलें जातें. या म्हणण्यांत तथ्य आहे. 1941 सालीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदय टिपतांना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना प्रकाशमापक सांपडेना. चंद्राच्या तेजाचा आंकडा त्यांना मुखोद्गत होता. त्यावरून हिशेब करून त्यांनीं एक चित्र घेतलें, आणि दुसरें घेण्यापूर्वींच मावळतीचा प्रकाश गेला. तें एकच चित्र जगभर प्रसिद्ध झालें.

परंतु तें अवधान फिल्मनें दिलें कीं अनेक वर्षांच्या अभ्यासानें? न्यूयॉर्कचे नामांकित छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड 1984 सालीं वारले, तेव्हां त्यांच्यामागें सुमारें 2,500 रोल न धुतलेले राहिले. त्यांवरील हजारों चित्रें स्वतः घेणाऱ्यानेंहि पाहिलीं नव्हतीं. त्यांची योग्यता मोठी, हें आम्हांस मान्य आहे; परंतु फिल्मच हात आवरावयास लावते, असें यानंतर म्हणतां येत नाहीं.

शिवाय खर्चाची भीति सर्वांना सारखे धडे देत नाहीं. धनिकाच्या मुलाला ती शिवतहि नाहीं. गरिबाचें मूल मात्र ज्या चित्राची खात्री वाटते तेवढेंच घेतें. आणि ज्याची आधींच खात्री आहे, त्यांत शिकण्यासारखें फारसें उरलेलें नसतें. डिजिटल कॅमेऱ्यानें हा अन्याय पुष्कळ अंशीं दूर केला आहे. भिंगाचें छिद्र लहान केलें कीं मागचीं झाडें स्पष्ट होतात, शटर मंद ठेवलें कीं धांवणारा मुलगा पुसट होतो, हें त्यावर तत्काळ दिसतें. फिल्म धुऊन येईपर्यंत, वहींत टिपून ठेवलें नसेल, तर कोणतें चित्र कसें घेतलें याचें विस्मरण झालेलें असतें. आणि कारण व परिणाम यांची गांठ मनांत बसणें, हेंच तर शिक्षण!

अन्न समोर असतां जो जेवत नाहीं, त्याचा उपवास. अन्नच मिळत नाहीं, त्याची उपासमार. पोट दोघांचेंहि रिकामेंच; परंतु एकाचें मन बळावतें, तर दुसऱ्याचें शरीर खंगतें. केवळ रोल संपेल म्हणून आवरलेला हात उपासमारीनेंच आवरलेला आहे. नवा रोल मिळतांच तो सैल होणार.

यासाठीं गुरूनें विद्यार्थ्याच्या हातीं डिजिटल कॅमेराच द्यावा, असें आम्हांस वाटतें. प्रथम त्यानें मनमुराद चुका करून परिणाम पहावेत. मग त्यानें नेम धरावा: एका फेरींत 36 हून अधिक चित्रें घ्यावयाचीं नाहींत, एकहि पुसावयाचें नाहीं, आणि घेतलेलीं चित्रें दुसऱ्या दिवशींच पहावयाचीं. असा नेम कोणीहि मोडूं शकेल, ही शंका रास्त आहे. परंतु जो मोडतांच येत नाहीं, तो पाळल्याचें श्रेय तें काय? पुढें त्यानें अंधाऱ्या खोलींत कोऱ्या कागदावर चित्र उमटतांना अवश्य पहावें. मात्र तें आनंदासाठीं, धाकासाठीं नव्हे.

आमच्या वेळीं टंचाई होती म्हणून आम्हीं वस्तूंची किंमत जाणली, असें घरोघरीं वडील मंडळी मुलांना सांगतात. मुलांसाठीं ती टंचाई मुद्दाम पुन्हां निर्माण करावी काय? आमच्या मतें नाहीं. विपुलतेंत राहून पुरे म्हणावयाचें कसें, हें मुलांना शिकविणें अधिक कठीण आहे. कारण तें शिकवितांना वडिलांना स्वतःहि तसें वागून दाखवावें लागतें.