म्हातारी गाय आणि पुंडलिकाची वीट



सज्जनहो, आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो गाई-वासरांसाठी. त्या दिवशी बायका गहू आणि मूग खात नाहीत, संध्याकाळी सवत्स धेनूला ओवाळतात आणि मग उपवास सोडतात. पुण्याच्या मंडईत तर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग, पणत्या, लक्ष्मीपूजनाच्या केरसुण्या आणि माणसेच माणसे. शहरात कुणाच्या दारी गाय उरली आहे? म्हणून कुणी गाय-वासरू घेऊन कडेला उभे असले, की त्या एकाच गाईभोवती पन्नास ताटे जमतात.

गेल्या वसुबारसेस मंडईतील भाजीविक्यांच्या भजनी मंडळाने आम्हांस प्रवचनास बोलावले होते. विषय अर्थातच गोमाता. आम्ही गोकुळ सांगितले, कामधेनू सांगितली, पंढरीजवळच्या गोपाळपुराचा आषाढी पौर्णिमेचा काला सांगितला. मंडळी डोलत होती. खरे सांगायचे तर आम्हांलाही आमचे प्रवचन बरे झाले असे वाटत होते.

आरती झाली, बुक्का लावला, माणसे पांगली. तेव्हा एक गृहस्थ पुढे आले. सासवडच्या पलीकडचे शेतकरी. गळ्यात माळ, अंगात मळका सदरा. हंगामाप्रमाणे अंजीर, सीताफळ, वाटाणा घेऊन ते मंडईत येतात. पायांवर डोके ठेवून म्हणाले,

"महाराज, गाईचं म्हात्म्य लई ग्वाड सांगितलंत. पर माझी हरणी परवा पहाटं गेली वो. मी हितं मंडईत सीताफळाच्या पाट्या उतरवत होतो. बावीस वर्सं दावणीला होती. शेवटच्या घटकेला तिच्या तोंडात पाण्याचा घोट घालाया मी न्हवतो. नाम घ्याया बसलो तर इठ्ठल दिसंना, तिचंच त्वांड दिसतंय. हे पाप म्हणायचं का?"

आम्ही काय उत्तर दिले असेल? जे तोंडी ठरलेले असते तेच. म्हटले, "बुवा, जन्मास आले ते जाणारच. देह नाशिवंत. तुम्ही वारकरी, जनावराचा एवढा मोह धरू नये. नाम घ्या, मन शांत होईल."

"व्हय महाराज," एवढेच ते म्हणाले. त्यांनी रिकाम्या पाट्या उचलल्या. गाळ्यामागे टाकलेल्या भाजीच्या ढिगापाशी जाऊन ते फ्लॉवरचा पाला निवडू लागले. जरड पाला बाजूला, कोवळा एका पाटीत. चार-पाच मुठी भरल्या आणि त्यांचा हात थबकला. म्हाताऱ्या गाईचे दात झिजलेले असतात, तिला कडबा चावत नाही. हा कोवळा पाला ते रोज तिच्यासाठी नेत असत, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, पाटी तिथेच उपडी केली आणि निघून गेले.

वाचकहो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. औषधाला आलेल्या माणसाला आपण पोथीचे पुठ्ठे दाखवून परत पाठवले, असे वाटत राहिले. भाऊबीज झाल्यावर आम्ही दिवे घाट चढून त्यांच्या वस्तीवर गेलो.

दावणीला सतरा जनावरे होती. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची खिलार. ही जात मूळची माणदेशाची. आटपाडी, म्हसवड, सांगोला हा तिचा मुलूख. खिलार गाय दूध फार देत नाही. तिची किंमत तिच्या पोटच्या खोंडांत. म्हणून खिलार पाळणारा माणूस दुधाचे माप पाहत नाही, वेत पाहतो, वंश पाहतो. यांच्या वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेतून एक कालवड आणली, तीच हरणी. तिची अकरा वेते झाली. दावणीच्या सतरांपैकी बारा तिच्याच वंशातली. तिच्या पोटची एक जोडी एका वर्षी दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैल जोडतात त्यांत लागली होती. ते सांगताना बुवांचा आवाज जड झाला.

"रानात निघताना पुढं ती, माघारी येताना बी पुढं तीच," ते म्हणाले. "आता फाटकापाशी येत्यात आन् थांबत्यात. कुणी पुढं व्हायचं ते त्यांना कळंना."

शेवटची पाच वर्षे हरणी भाकड होती. मुलगा शिकलेला. एकदा तो म्हणाला होता, "अण्णा, एका म्हाताऱ्या गाईच्या वैरणीत एक कालवड वाढते." हिशेब चुकीचा नव्हता. बापानेही तो खोडला नाही. फक्त गाय हलवली नाही. २०२२ साली महाराष्ट्रभर गुरांत लंपी पसरला, तेव्हा हरणीच्या अंगभर गाठी आल्या, पायांवर सूज आली. बुवांनी डॉक्टरांचे औषध केले, माश्यांसाठी गोठ्यात कडुनिंबाचा धूर केला, हाताने पेज पाजली. ती उठली, पण पाय कमकुवत राहिले. अखेरच्या महिन्यात ती बसूनच होती. एका कुशीवर राहिली तर जखमा होतात, म्हणून हे सकाळ-संध्याकाळ घरच्यांना हाताशी घेऊन तिची कूस बदलीत. त्या रात्रीही कूस बदलली, गूळपाणी पाजले, अंगावर पोते घातले आणि दोन वाजता टेम्पोत बसले. सीताफळ झाडावरून उतरवले की थांबत नाही. आणि त्या पैशांवर सबंध दावणीची सरकी-पेंड यायची होती. पहाटे हरणी गेली. डोके मालकिणीच्या मांडीवर होते.

पुढची गोष्ट आम्हांला शेजाऱ्याने सांगितली. बुवा मंडईतून परतले तेव्हा लोक म्हणाले, गाडी बोलवा, घेऊन जातील. बुवांनी काही न बोलता कुदळ घेतली. त्यांच्या पाठोपाठ दुसरी कुदळ घेतली ती त्या हिशेब सांगणाऱ्या मुलाने. विहिरीपासून लांब, बांधाच्या वर, बाप-लेकांनी दुपारपर्यंत पुरुषभर खड्डा खणला. मीठ घातले, चुना घातला आणि तिला माती दिली.

हे ऐकून आम्ही मान खाली घातली. आमच्या प्रवचनातली गाय पाडसाची होती. वसुबारसेला आपण ओवाळतो तीही पाडसाचीच. जिच्या पायाशी पाडस नाही, जिच्या आचळाला दूध नाही, तिच्यासाठी कोणते ताट निघते? ते ताट या माणसाने पाच वर्षे रोज पाटीतून नेले होते. आणि त्यालाच आम्ही मोह सोडायला सांगून आलो!

सज्जनहो, मोह कशाला म्हणावे, याचा विचार करू. ज्यात आपल्याला काही मिळायचे असते, आणि मिळणे थांबले की जो आटतो, तो मोह. दुधावर जडलेली माया दूध आटल्यावर आटली, तर ती मोहाची होती. मिळणे थांबल्यावरही जी माया टिकली, उलट जिचे हात अधिक कामाला लागले, तिला मोह कसे म्हणावे? तिला संतांनी सेवा म्हटले आहे. बुवांना नाम घेताना हरणीचे तोंड दिसते ते पाप नव्हे. पाच वर्षांच्या सेवेची ती सवय आहे, आणि सवय एका दिवसात जात नाही.

आपल्या संप्रदायाचा पायाच पाहा ना. पुंडलिक मायबापांचे पाय चुरीत होता. ते मायबाप तेव्हा म्हातारे झालेले, जगाच्या हिशेबाने कामातून गेलेले. अशा वेळी देव दारी आला. पुंडलिक उठला नाही. त्याने वीट फेकली आणि म्हणाला, जरा थांब. देव रागावला का? कटीवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे. ज्यांच्यापासून काही मिळायचे नाही त्यांची सेवा चालली असेल, तर देव खोळंबतो. सेवेला खोळंबवीत नाही.

म्हणून बुवांना आम्ही तिथेच म्हटले, "शेवटच्या घटकेला तुम्ही नव्हतात, हे शल्य मनातून काढा. देव त्या एका घटकेचा हिशेब मांडीत नाही. तुम्ही मंडईत होतात ते दावणीच्या वैरणीसाठीच. मंडईत आम्ही तुम्हांला बोललो ते चुकले. आम्हांला क्षमा करा."

मुक्या जनावरासाठी शोक करणे वारकऱ्याला शोभते का, असे कुणी विचारील. त्याने जुन्नर तालुक्यातील आळे गावी जाऊन यावे. ज्या रेड्याच्या मुखातून पैठणास वेद वदले, त्याला ज्ञानोबारायांनी स्वतः तेथे समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्या समाधीचे दर्शन लोक आजही घेतात. काम झाल्यावर माउलींनी त्या रेड्याला वाटेत सोडले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही; ती जरा कडू आहे. गाय जिवंत असेपर्यंत गाव तिला माता म्हणत आले. ती मेली, की तिला ओढून नेण्याचे काम मात्र गावाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या माथी मारले, आणि वर त्यांनाच दूर ठेवले. आमचे चोखोबाराय त्या लोकांतले. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत मांस सोडायला सांगितले, त्यामागे या अपमानाचाच सल होता. आणि देव कुठे होता? संतांची साक्ष अशी, की चोखोबांबरोबर मेलेली गुरे ओढायला पांडुरंगाने स्वतः हात लावला. पूजेचे ताट घेऊन उभे राहणाऱ्यांत तो दिसला नाही, ओझ्याखाली वाकलेल्यात दिसला. माता म्हणायचे असेल, तर तिची मातीही आपल्याच हातांनी सावरली पाहिजे. त्या बाप-लेकांच्या कुदळीने आम्हांला हे शिकवले.

याचा अर्थ असा नव्हे, की ज्याला म्हातारी गाय पोसवत नाही त्या गरिबाला आपण दोष द्यावा. ज्यांचे नाव १९३८ पासून या मंडईला आहे, त्या जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कुणब्याचे हाल १८८३ सालीच मांडले. ते पुरते संपले असे कोण म्हणेल? महाराष्ट्रात २०१५ पासून सबंध गोवंशाच्या हत्येस बंदी आहे. कायद्याने सुरी थांबते, पण गव्हाण भरत नाही. ती कुणीतरी भरावी लागते. वसुबारसेला ओवाळणाऱ्या प्रत्येक घराने गावच्या एखाद्या भाकड गाईसाठी महिन्याला चार पेंढ्यांची वैरण दिली, तर शेतकऱ्याचा भार हलका होईल आणि आपली पूजाही खरी होईल.

आणि गाईवरून घरात यावे. आपल्या घरीही कुणी झिजल्या दातांचे, एका कुशीवर पडलेले माणूस असेल. त्याच्या वैरणीचा हिशेब मनातल्या मनात कुणी मांडीत असेल. त्याने आज त्या माणसासाठी भाकरी दुधात कुस्करावी, त्याची कूस बदलावी. देव दारात आला तर थांबेल. त्याला थांबायची सवय आहे.

पुढे कार्तिकी वारीहून परतल्यावर आम्ही पुन्हा मंडईत गेलो. बुवा गाळ्यामागे वाकून कोवळा पाला निवडीत होते. आम्हांला पाहून हसले. म्हणाले, "शेजारच्या आळीत एक म्हातारी गाय हाय महाराज. दात न्हाईत तिला."

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!