भांड्याचा विटाळ

पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात भांडे चिंच आणि राखेने घासून लख्ख करतात. मनुस्मृतीचा पाचवा अध्यायही तांब्या-पितळेच्या शुद्धीसाठी क्षार, आम्ल आणि पाणी सांगतो. मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते. इथवर हा स्वच्छतेचा व्यवहार आहे. प्रश्न पुढे उभा राहतो: घासून निघत नाही असा विटाळ भांड्यात असतो तरी कुठे?

चहाच्या दुकानात अस्पृश्य मानलेल्यांची कपबशी वेगळी असे. चहा पिऊन झाला की ती त्यांनीच विसळून बाजूला ठेवायची. बाकीचे कप साध्या पाण्याने शुद्ध होत आणि लगेच दुसऱ्याच्या हाती जात. म्हणजे विटाळ चिनी मातीत नव्हता, उष्ट्यातही नव्हता. तो माणसावर लादलेला होता. धर्माच्या नावाने चाललेला हा उघड अन्याय होता.

त्याला विरोधही जुनाच. भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकर महानुभाव पंथाच्या ज्या चक्रधरस्वामींचे शिष्य झाले, त्यांचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपुरात अस्पृश्यांच्या घरी जात, त्यांचे अन्न घेत. कायद्याला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने उपाहारगृहातली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे गुन्हा ठरवले.